मीठ आणि साखर जोडीनेच का? आतड्यातल्या दाराची गोष्ट

पावसाळा सुरू झाला की आपल्या वस्त्यांत तीन गोष्टी ठरलेल्या असतात. पत्रा गळतो, गटार तुंबते आणि आठवडाभरात कुठल्या ना कुठल्या घरात मुलाला जुलाब लागतात. नळाची पाइपलाइन गटारातून गेलेली असते. पाणी येते दिवसातून तास-दोन तास. नळ बंद असताना फुटक्या पाइपातून बाहेरचे घाण पाणी आत शिरते आणि दुसऱ्या दिवशी तेच आपल्या हंड्यात येते. यात आईचा काही दोष नसतो. पण जुलाब लागल्यानंतरचे पहिले चोवीस तास मात्र बऱ्याच अंशी घरातल्या माणसांच्या हातात असतात. मूल घरीच बरे होणार की त्याला उचलून मोठ्या दवाखान्यात पळावे लागणार, हे पुष्कळदा त्या चोवीस तासांत ठरते.

आम्ही आधी रुग्णालयाच्या वॉर्डात काम केले, आता वस्त्यांत करतो. दोन्हीकडे दोन वाक्ये आम्हाला सारखी ऐकू येतात. पहिले वाक्य आजीचे असते, "पाणी देऊ नका, जितकं पाजाल तितकं खालून जाईल." दुसरे बापाचे, "त्या पावडरीनं काय होतंय? सलाईन लावा." दोन्ही वाक्ये मायेपोटी येतात आणि ऐकायला पटतातही. तरी दोन्ही चूक आहेत. ती चूक का आहेत, हे समजायला आतड्याच्या आत डोकवावे लागते. आमचा अनुभव असा की नुसती सूचना दिली तर माणूस ती विसरतो, कारण कळले तर ते लक्षात राहते आणि तो शेजारणीलाही सांगतो. म्हणून या वेळी आधी कारण समजून घेऊ, कृती मग पाहू.

भिंत आहे, पण दारेही आहेत

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे, हे मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात असते. प्रत्येक पेशीभोवती एक आवरण असते. ते इतके पातळ की आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशी हजारो आवरणे एकावर एक मावतील. हे आवरण मुख्यतः स्निग्ध पदार्थाचे, म्हणजे तेलातुपाच्या जातीचे असते. पेशीच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी, मध्ये ही तेलकट भिंत. पेशीला बाहेरून अन्न, पाणी, प्राणवायू घ्यावा लागतो आणि आतला कचरा बाहेर टाकावा लागतो. सगळेच आत येऊ दिले तर पेशी मरेल आणि काहीच येऊ दिले नाही तरीही मरेल. म्हणून कोणाला कसे आत घ्यायचे आणि कोणाला कसे बाहेर काढायचे, याच्या तिच्या ठरलेल्या रीती आहेत.

पहिली रीत सर्वांत सोपी. एका घरात सुकट भाजली की वास सगळ्या गल्लीत पसरतो. त्याला कोणी ढकलत नाही. जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे तो आपोआप जातो. पुस्तकात याला विसरण म्हणतात. प्राणवायू याच रीतीने पेशीच्या भिंतीतून थेट आत जातो. त्याला दार लागत नाही.

दुसरी रीत पाण्याची. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घालून ठेवले की थोड्या वेळाने भांड्याच्या तळाशी पाणी सुटलेले दिसते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांनाही पाणी सुटते. ते पाणी कुठून आले? काकडीच्या आणि कैरीच्या पेशींतून. बाहेर मीठ जास्त झाले म्हणून आतले पाणी बाहेर ओढले गेले. रात्री भिजत घातलेले हरभरे सकाळी टम्म फुगतात, तिथे पाणी उलट्या दिशेने, म्हणजे दाण्याच्या आत गेलेले असते. याला पुस्तकात परासरण म्हणतात. पाण्याला आत-बाहेर करायला पेशीच्या भिंतीत खास बारीक वाटाही असतात. अमेरिकेतील पीटर अग्रे यांनी त्या शोधून काढल्या. त्या कामासाठी त्यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसरी रीत मिठाची आणि साखरेची. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन भाग होतात. तेलात मीठ विरघळत नाही, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. तसेच या तेलकट भिंतीतून सोडियम स्वतःहून पलीकडे जात नाही. साखरेचेही तेच. त्यांच्यासाठी भिंतीत प्रथिनांची बनलेली दारे असतात. शिवाय प्रत्येक पेशीत एक पंप चालू असतो. तो सोडियमचे ३ कण बाहेर फेकतो आणि पोटॅशियमचे २ कण आत घेतो. दिवसरात्र, आपण झोपलो तरी. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये हा पंप दाखवून दिला आणि ४० वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना नोबेल मिळाले. आपण शांत पडून असतो तेव्हाही शरीराच्या शक्तीचा मोठा वाटा या एका पंपावर खर्च होतो.

या पंपामुळे पेशीच्या आत सोडियम नेहमी कमी असतो. त्यामुळे बाहेरचा सोडियम आत शिरायला टपलेलाच असतो, त्याला फक्त दार उघडे मिळायला हवे. एवढ्यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. पाण्याला कोणी हाताला धरून नेत नाही. मीठ जिकडे जाते, पाणी त्याच्यामागे तिकडे जाते.

आतड्यातला रोजचा हिशोब

आता आतड्याकडे येऊ. मोठा माणूस दिवसभरात पाणी, चहा, जेवण मिळून सुमारे २ लिटर पातळ पदार्थ पोटात घालतो. पण आतड्यात एवढेच पाणी येत नाही. तोंडाची लाळ, जठराचा रस, यकृताचे पित्त, स्वादुपिंडाचा आणि खुद्द आतड्याचा रस असे सुमारे ७ लिटर पाणी शरीर स्वतःच आतड्यात ओतते. म्हणजे रोज ८ ते ९ लिटर पाणी आतड्यातून वाहते. त्यातले शौचावाटे बाहेर पडते ते फक्त १०० ते २०० मिलिलिटर. बाकीचे सगळे आतड्याच्या पेशी शोषून परत रक्तात पाठवतात. घरात पाणी जपून वापरणारी बाई जसा थेंबन्‌थेंब राखते, तसे आतडे राखते.

जुलाब म्हणजे हा हिशोब बिघडणे. एक तर आतडे नीट शोषत नाही किंवा शरीरातले पाणी आतड्यात जास्त ओतले जाते. अनेकदा दोन्ही होते. पटकी, म्हणजे कॉलरा, हे याचे सर्वांत भयानक उदाहरण. पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात. कोलकात्याचे शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये हे विष दाखवून दिले. हे विष आतड्याच्या पेशीला मारत नाही. ते पेशीचे क्लोराइडचे दार उघडे ठोकून ठेवते. क्लोराइड बाहेर वाहू लागतो, त्याच्यामागे सोडियम जातो आणि त्यांच्यामागे पाणी. भाताच्या पेजेसारखे पांढरट पाणी धो धो जाऊ लागते. मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला १ लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. असा धडधाकट माणूस सकाळी कामावर जातो आणि संध्याकाळपर्यंत जातो.

लहान मुलाला एवढेही लागत नाही. १० किलो वजनाच्या मुलाच्या अंगातून अर्धा लिटर पाणी कमी झाले की डोळे खोल दिसू लागतात. १ लिटर कमी झाले की जीव धोक्यात येतो. १ लिटर म्हणजे थंड पाण्याची एक बाटली.

आता आजीच्या वाक्याकडे परत पाहा. "जितकं पाजाल तितकं जाईल." जाणारे पाणी नुसते आपण पाजलेले नसते. ते मुलाच्या रक्तातले, अंगातले पाणी असते. आपण पाजणे बंद केले म्हणून ते थांबत नाही. टाकीच्या तळाला भोक पडले आहे आणि आपण वरचा नळ बंद करतो आहोत, असे ते होते. टाकी लवकर रिकामी होते, एवढेच.

दोन कुलपांचे दार

मग साधे पाणी भरपूर पाजले तर? साध्या पाण्यात मीठ नाही. अंगातून मात्र मीठ आणि पाणी दोन्ही गेलेले असते. शिवाय आत ओढून नेणारे कोणी नसल्याने जुलाबात साधे पाणी पुरेसे शोषले जात नाही. नुसते मिठाचे पाणी दिले तर? पटकीचे विष सोडियम आत घेण्याची नेहमीची वाटच अडवते, त्यामुळे मीठ आतड्यातच पडून राहते. नुसते साखरेचे पाणी दिले तर? गेलेले मीठ भरून निघत नाही आणि साखर जास्त झाली तर कोशिंबिरीसारखे उलटे अंगातले पाणीच आतड्यात ओढले जाते.

मार्ग निघाला तो तिसऱ्याच दारातून. कित्येक विहारांत दानपेटीला दोन कुलपे असतात. एक किल्ली अध्यक्षांकडे, दुसरी खजिनदारांकडे. एकटा कोणी आला तर पेटी उघडत नाही, दोघे मिळून आले तरच उघडते. आतड्याच्या पेशीला असेच एक दार आहे. ग्लुकोज एकटा आला तर ते त्याला आत नेत नाही. सोडियम आणि ग्लुकोज दोघे मिळून आले, म्हणजे सोडियमचे २ कण आणि ग्लुकोजचा १ कण जागेवर बसले, की दार फिरते आणि दोघांना एकदम आत घेते. मीठ आत गेले की पाणी मागोमाग जाते. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग शहरातल्या एका परिषदेत ही कल्पना प्रथम मांडली.

आणि खरी मोलाची गोष्ट पुढेच आहे. पटकीचे विष या जोडीच्या दाराला हात लावत नाही. बाकीची व्यवस्था कोलमडली तरी हे दार चालू राहते. लहान मुलांच्या इतर बहुतेक जुलाबांतही ते बऱ्याच प्रमाणात चालू असते. म्हणजे खालून जुलाब चालू असतानाच वरून दिलेले पाणी अंगात जाऊ शकते. ओआरएसचे सारे बळ या एका दारात आहे. मीठ आणि साखर एकत्र द्यायची ती चवीसाठी नाही, दार उघडण्यासाठी.

बनगावची छावणी

हे ज्ञान प्रयोगशाळेतून माणसांपर्यंत कसे आले, तेही जाणून घ्यावे असे आहे. कोलकात्यात हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच पटकीच्या सौम्य रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने देऊन पाहिले होते. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी मोजूनमापून दाखवले की पटकीच्या रुग्णाला तोंडाने हे पाणी दिले तर सलाईनची गरज खूप कमी होते. तरी मोठमोठे डॉक्टर तयार नव्हते. रुग्णालयाबाहेर, शिकलेल्या नर्स-डॉक्टरांशिवाय हे जमणार नाही, असे त्यांना वाटे.

मग १९७१ साल आले. पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, लष्कराने लोकांवर अत्याचार सुरू केले आणि सुमारे १ कोटी माणसे जीव मुठीत धरून भारतात आली. पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगाव येथील छावण्यांत पटकी पसरली. रुग्णालयात खाटा संपल्या, माणसे जमिनीवर पडलेली. सलाईनचा साठा संपत आला. तिथे डॉ. दिलीप महालनबीस नावाचे बालरोगतज्ज्ञ काम करत होते. त्यांनी ठरवले की वाट पाहण्यात अर्थ नाही. कोलकात्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज वजन करून पिशव्यांत भरले गेले. १ लिटर पाण्याला ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम, सोडा अडीच ग्रॅम. बनगावला ते पाण्यात कालवून पिंपात भरले गेले आणि रुग्णांच्या नातलगांच्या हाती भांडी दिली गेली. आईने मुलाला, बायकोने नवऱ्याला, भावाने भावाला पाजले.

तिथे मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास गेले होते. हे पाणी दिलेल्या रुग्णांत ते शेकडा ४ च्याही खाली आले. घरदार सोडून आलेल्या, चिखलात बसलेल्या साध्या माणसांनी ते करून दाखवले. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आला.

पुढची पायरी बांगलादेशातल्या बायकांनी गाठली. तिथल्या ब्रॅक या संस्थेने १९८० पासून १० वर्षे घरोघर जाऊन आयांना हे पाणी करायला शिकवले. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला ठरायचा तो तिने किती घरे केली यावर नाही, तर काही दिवसांनी आईला किती आठवते आणि ती पाणी बरोबर करते का, यावर. १ कोटीहून अधिक घरांत हे शिक्षण गेले. अक्षर न वाचता येणाऱ्या बायकाही त्यात होत्या.

सलाईनच्या बाटलीत काय असते?

आता बापाच्या वाक्याकडे येऊ. अशक्तपणा आला, ताप आला, जुलाब लागले की सलाईन, अशी समजूत वस्त्यांत खोल रुजली आहे. गल्लीतले काही दवाखाने तिच्यावरच चालतात. दिवसाची मजुरी एका बाटलीत जाते. त्या बाटलीत काय असते, हे आम्ही सांगतो तेव्हा लोकांचा विश्वास बसत नाही.

साध्या सलाईनच्या अर्धा लिटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, सपाट चहाचा एक चमचासुद्धा नाही. बाकी पाणी. ग्लुकोजच्या अर्धा लिटर बाटलीत बहुधा २५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे पाच-सहा चमचे साखरेएवढे. ज्वारीच्या एका भाकरीत त्याहून जास्त ताकद असते. जे मूल तोंडाने पिऊ शकते, त्याला ओआरएस तेच काम करून देते, तेही सुई न टोचता.

सलाईन वाईट आहे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मूल ग्लानीत गेले असेल, पिऊ शकत नसेल, अंगातले पाणी फारच कमी झाले असेल, तर सलाईननेच जीव वाचतो आणि तेव्हा एक मिनिटही घालवू नये. पण ते दवाखान्यात, जाणत्या हाताने. पिणाऱ्या मुलाला सलाईन आणि न पिणाऱ्या मुलाला घरीच वाट पाहायला लावणे, अशी उलटी गत आम्ही पुष्कळ घरांत पाहिली आहे.

घरी काय करायचे?

ओआरएसची पुडी सरकारी दवाखान्यात, अंगणवाडीत आणि आशाताईंकडे मोफत मिळते. जुलाब लागण्याची वाट न पाहता दोन पुड्या डब्यात ठेवून द्या.

पुडीवर किती पाण्यात टाकायची ते आधी वाचा. मोठी पुडी १ लिटरसाठी असते, बाजारात २०० मिलिलिटरची लहान पुडीही मिळते. घरातला तांब्या किती लिटरचा आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. १ लिटरची पाण्याची रिकामी बाटली धुऊन मापाला वापरा. उकळून गार केलेले पाणी घ्या, नसेल तर घरातले सर्वांत स्वच्छ पिण्याचे पाणी. पुडी पूर्ण टाका. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या असे करू नका. दुधात, चहात, सरबतात घालू नका आणि वरून साखर घालू नका. पाणी जास्त झाले तर औषध पुरत नाही. पाणी कमी झाले तर मीठ जास्त होते आणि तेही धोक्याचे आहे. कोशिंबिरीतली काकडी आठवा. रक्तात मीठ जास्त झाले तर मेंदूच्या पेशींतले पाणी असेच ओढले जाते आणि मुलाला झटके येऊ शकतात. केलेले पाणी झाकून ठेवा, २४ तासांनी उरलेले टाकून द्या.

पुडी मिळेपर्यंत घरी करायचे असेल तर १ लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाट म्हणजे वरून बोट फिरवून काढलेला. चिमटीचे माप हातागणिक बदलते, म्हणून चमचाच वापरा. चव घेऊन पाहा. आपल्या आसवांपेक्षा खारट लागले तर ते फेकून पुन्हा करा.

प्रत्येक पातळ शौचानंतर २ वर्षांच्या आतल्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे साधारण पाव ते अर्धा कप. २ ते १० वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप. मोठ्यांनी हवे तितके. बाटलीने नको, चमच्याने किंवा वाटीने. उलटी झाली तर १० मिनिटे थांबा आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, असे हळूहळू द्या. एकदम ग्लासभर पाजले की उलटी होणारच. चमच्याचमच्याने दिलेले पाणी आतड्यात पोहोचते आणि दार आपले काम करते. रात्र जागून काढावी लागते. ते काम एकट्या आईवर टाकू नका, घरातल्या पुरुषांनीही चमचा हातात घ्यावा.

अंगावरचे दूध बंद करू नका. जेवत्या मुलाला मऊ भात, वरण, खिचडी, पेज, ताक द्या. उपाशी ठेवलेले मूल जुलाबातून उठले तरी वाळते आणि पुढच्या आजाराला लवकर बळी पडते. जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या गोळ्या आशाताईंकडून मागून घ्या. ६ महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, असे १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा.

एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुडीवरचा विश्वास उडतो. ओआरएस जुलाब थांबवत नाही. ते गेलेले पाणी भरून काढते. जुलाब बहुधा काही दिवसांत आपोआप कमी होतात, तोवर मुलाला टिकवून ठेवणे हे ओआरएसचे काम. "पाजलं तरी संडास चालूच आहे" म्हणून ते मध्येच सोडू नका. मोठ्यांच्या जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नका. दात येताहेत, नजर लागली म्हणून अंगारा लावण्यात दिवस घालवू नका. दातामुळे अंगातले पाणी संपत नाही.

मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मोठ्या माणसांनी किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारावे.

खोक्यातले रंगीत पाणी

मेडिकलमध्ये फळांच्या चवीची, ओआरएस नाव लावलेली तयार पेये बरीच वर्षे विकली गेली. त्यांतल्या कित्येकांत साखर भरमसाट आणि मीठ कमी असे. आजच्या ओआरएसच्या ठरलेल्या सूत्रात १ लिटरला ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असते, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. बाटलीतल्या थंड पेयात १ लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. जोडीच्या दाराला एवढी साखर पेलत नाही. ती आतड्यात पडून राहते, अंगातले पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. तरी दुकानात घेताना खोक्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला सांगा.

केव्हा पळायचे?

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर घरी थांबू नका. मूल सुस्त पडले आहे, हाक मारली तरी नीट पाहत नाही. पाणी पीत नाही किंवा प्यायलेले सगळे उलटून टाकते. डोळे खोल गेले, लहान बाळाची टाळू खोल गेली. रडते पण डोळ्यांत पाणी येत नाही. सहा-आठ तास लघवी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच जागेवर जात नाही. शौचात रक्त आहे. तापाने अंग भाजते आहे. बाळ २ महिन्यांच्या आतले आहे. अशा वेळी १०८ ला फोन करा, रिक्षा मिळाली तर रिक्षाने जा आणि वाटेतही पिणाऱ्या मुलाला चमच्याने ओआरएस देत राहा.

बाळाच्या ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसीच्या वेळी रोटाव्हायरसची लस तोंडाने दिली जाते. सरकारी केंद्रात ती मोफत आहे. लहान मुलांच्या जोराच्या जुलाबांपैकी पुष्कळ जुलाब याच विषाणूमुळे होतात. ती चुकवू नका.

शेवटी, ओआरएस जीव वाचवते, पण गटारातून गेलेली पाइपलाइन ते बदलत नाही. एकाच गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब लागले तर तो त्या घरांचा खासगी प्रश्न राहत नाही. आशाताईंना लगेच कळवा, पालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आरोग्य विभागाकडे पाणी तपासायचा अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेऊन ती जपून ठेवा. अर्जावर गल्लीतल्या सगळ्या घरांच्या सह्या असू द्या.

आणि येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा एक काम करा. १ लिटरची बाटली, एक चहाचा चमचा, साखर आणि मीठ सोबत न्या. जिला येते तिने करून दाखवावे, जिला येत नाही तिने तिच्यासमोर करावे आणि सगळ्यांनी घोटभर चाखून पाहावे. आसवांपेक्षा खारट नाही ना, एवढे जिभेला कळले की रात्री दोन वाजता, दिवे गेलेले असतानाही, ते चुकणार नाही.